दारावरचा ओला बुरखा

सुनेनं गच्चीवर काळी ओढणी वाळत घातली. ओल्या कापडाचा, पिवळ्या साबणाचा वास आला आणि आजही माझं बोट ओठावर गेलं.

नामांतराचे दिवस होते. दार निळं दिसलं की घर दलिताचं, हे जमावाला ठाऊक झालेलं. आमचं दार निळंच. वडील कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले. भर दुपारी आरडाओरडा गल्लीत शिरला, तशी बाहेर कपडे धूत बसलेल्या शेजारच्या जैतूनखालांनी मला आणि आईला आमच्याच घरात ढकललं, बाहेरून कडी घातली आणि नुकताच धुतलेला बुरखा दारावर पसरला. त्याचं पाणी दाराखालून आत येत होतं. आईनं माझं तोंड इतकं दाबलं की दात ओठात रुतले.

"कोणाचं घर?" बाहेर कुणीतरी दरडावलं.

"हमारा है. औरतां हैं अंदर," खाला म्हणाल्या. कपडे आपटायचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा भरभर.

पावलं पुढं गेली. आई पुटपुटली, "नशीब लई मोठं आपलं."

कित्येक वर्षं मीही तेच सांगत आले. आज कळतं, जिला आम्ही नशीब म्हणालो ती बाई दाराबाहेर कपडे धूत बसली होती, आणि तिच्या पाठीमागचं दार तिनं स्वतःच बंद केलं होतं.