दाबोळी, मोपा आणि पाण्याची वेळ

माझ्या पत्नीचे माहेर मालवण तालुक्यात, खाडीच्या मधोमध असलेल्या एका बेटावर आहे. तिथे पूल नाही. होडीने जावे लागते आणि होडी पाणी असेल तेव्हाच चालते. ओहोटीला काठ आणि बेट यांच्यामध्ये गुडघाभर चिखल उरतो. गावातली माणसे तो तुडवून जातात. माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे झिजलेले असल्याने तिला ते शक्य नाही.

बेटावरच्या देवीची जत्रा वर्षातून एकच दिवस भरते. तिचा दिवस पंचांगात नसतो. देवीचा कौल लागला की मानकरी तो जाहीर करतात आणि मग हाताशी जेमतेम तीन आठवडे उरतात. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी माहेरवाशिणी देवीची ओटी भरतात. लग्नानंतर चाळीस वर्षे पत्नीने ओटी चुकवली नाही. मग गुडघे गेले, डॉक्टरांनी बसचा लांबचा प्रवास बंद केला आणि सलग नऊ वर्षे ओटी चुकली. ती त्याविषयी बोलत नसे. जत्रेच्या दिवशी नेहमीसारखा स्वयंपाक करी आणि नेहमीपेक्षा लवकर निजे. मीही कधी विचारले नाही.

यंदा दिवस जाहीर झाल्याचा निरोप आला तेव्हा मुलगा म्हणाला, "आईला विमानाने नेऊ. पुढे दोन दिवस गोव्याला समुद्रावर राहू."

पत्नी म्हणाली, "बघा तुम्हाला जमेल तसं." नऊ वर्षांत या विषयावर ती बोललेले हे पहिले वाक्य होते.

भाईंदरजवळच्या पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या घरी रविवारी सकाळी बैठक झाली. मी, पत्नी, मुलगा आणि सून.

"जवळपास तीन विमानतळ आहेत, बाबा," मुलगा फोन समोर धरून म्हणाला. "चिपी सगळ्यात जवळ, पण त्या दिवशी मुंबईहून तिथली फ्लाइट दिसत नाही. राहिले गोव्याचे दोन. दाबोळीला उतरलो तर तिकीट स्वस्त आणि नंतरचं हॉटेल तिथून वीस मिनिटांवर. मोपा घेतलं तर रस्ता दीड तासाने कमी, पण तिकीट महाग, हॉटेल लांब."

"दाबोळीला किती वाजता उतरणार?"

"बारा वाजायच्या आत. बाहेर पडायला अर्धा तास, मग रस्ता साडेतीन तासांचा. चारच्या आत खाडीवर."

"आणि होडी?"

"होडी असेलच की."

"होडीचं बुकिंग ॲपवर होत नाही ना," सून म्हणाली, "म्हणून त्यांच्या डोक्यात आलं नाही."

भाईंदरच्या मिठागरांवर मी चौतीस वर्षे मुकादम होतो. मिठागरात पाणी घ्यायचे ते भरतीचे, आणि बांधातले लाकडी दार नेमक्या वेळी उघडायचे. ती वेळ काढण्याची रीत सोपी आहे. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तिथी मोजावी, तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. जत्रेचा दिवस कृष्ण तृतीयेचा होता. तीनची पाऊणपट सव्वादोन. भरतीनंतर दोन तास होडीपुरते पाणी राहते. म्हणजे सव्वाचारपर्यंत होडी चालणार होती आणि आम्ही चारच्या आत पोहोचणार होतो.

हे मी कागदाशिवाय सांगितले. मुलाने फोनमध्ये भरतीची वेळ शोधली आणि मान वर केली.

"सव्वादोन दाखवतंय. बरोबर सांगितलंत, बाबा."

निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली आहेत. इतक्या वर्षांत घरातल्या कोणी माझ्या ज्ञानाची अशी परीक्षा घेऊन त्याला पैकीच्या पैकी गुण दिलेले मला आठवत नाहीत. मी समाधानाने म्हणालो, "दाबोळीची तिकिटे काढ."

पत्नी वाल सोलत होती. तिने मान वर न करता म्हटले, "आमच्याकडे पाणी आधी चढतं."

"समुद्र एकच आहे," मी म्हणालो.

"एकच आहे हो. पण तो तुमच्या मुकादमीवर नाही चढत."

सून हसली. मुलाने हसू आवरले.

"फोनही तेच सांगतोय," मी म्हणालो.

"फोनने माझ्या वडिलांची होडी चालवली नव्हती," ती म्हणाली आणि वाल घेऊन आत गेली.

तिचे वडील त्या खाडीवर होडी चालवीत. हे मला ठाऊक होते. लग्नाला पन्नास वर्षे होत आली, तेव्हा ते मला ठाऊक असणे भागच होते. तरीही ते माझ्या हिशेबात नव्हते.

"बाबा, भाव वाढतायत," मुलगा म्हणाला. "आज संध्याकाळपर्यंत काय ते सांगा."

दुपारी जेवून मी घराबाहेर पडलो. कुठे जातो ते सांगितले नाही. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली आणि पालीच्या कोळीवाड्यात उतरलो. तिथे माझ्या ओळखीचा एक तांडेल आहे. आयुष्यभर त्याने आपली बोट समुद्रावर नेली. मासळी खारवण्याचे मीठ तो आमच्या आगरातून नेत असे. आता बोट त्याचा मुलगा नेतो. गल्ली इतकी अरुंद, की समोरून स्कूटर आली तेव्हा मला त्याच्या ओट्यावर चढावे लागले. तो तिथेच जाळे सांधत बसला होता. मी पत्नीच्या हरकतीसकट सगळा हिशेब सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"काकू बरोबर बोलते," तो म्हणाला. "मालवणला पानी आंधी भरतंय. आमी तिकडं जातो तवा तासभर आंधी धरून चालतो."

"फोनवर सव्वादोन आहे."

"फोन तुमचे घरात हाय ना? मंग तो तुमचे खाडीचं पानी सांगतो. त्याला कुठं म्हाईत तुमची सासुरवाडी मालवणला हाय." मग तो जाळे बाजूला ठेवून म्हणाला, "मुकादम, तुमी दार उघडून पानी घरात घेनारी मानसं. पानी येतं कुठनं ते बघायचं काम तुमचं न्हाय, ते आमचं."

चौतीस वर्षे मी एकाच खाडीचे पाणी मोजले आणि ते सगळ्या किनाऱ्याला लावले. बेटावर पूर्ण भरती सव्वाएकला. होडी सव्वातीनपर्यंत. दाबोळीहून आम्ही चारला पोहोचलो असतो आणि पत्नी चिखलाच्या अलीकडे ओटीचे ताट घेऊन उभी राहिली असती. मीच तिला तिथे उभे केले असते.

परतीच्या बसमधूनच मी मुलाला फोन केला. "मोपाची तिकिटे काढ. सकाळचे पहिले विमान."

"महाग आहे, बाबा. आणि हॉटेल..."

"हॉटेल दुसऱ्या दिवशी आहे. ओटी त्याच दिवशी आहे."

"पहिलं फुल आहे. पुढचं पावणेबाराला उतरतं."

"ते घे."

बाहेर पडायला अर्धा तास, मग मोपाहून रस्ता दोन तासांचा. सव्वादोनला खाडीवर, हाताशी एक तास. घरी आल्यावर मी पत्नीला एवढेच सांगितले, "मोपाला उतरतोय." ती म्हणाली, "पाणी विचारून आलात वाटतं." कोणाला विचारले, हे तिने विचारले नाही.

जत्रेच्या दिवशी विमान अर्धा तास उशिरा सुटले. ते जमिनीवर उभे असताना पत्नी खिडकीतून बाहेर पाहत होती. ओटीचे सामान तिने सामानात दिले नव्हते. खण आणि तांदूळ मांडीवरच्या पिशवीत होते. नारळ विमानात जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून तो ती बेटावर जत्रेत घेणार होती. विमानतळावर चाकाची खुर्ची समोर आली तेव्हा ती निमूटपणे बसली. एरवी ती बसली नसती.

कुडाळच्या पुढे रस्त्यावर जत्रेला निघालेल्या गाड्यांची रांग होती. मुलगा घड्याळ पाहू लागला. सुनेने त्याचा हात खाली केला. खाडीच्या काठावर आम्ही उतरलो तेव्हा तीनला पाच मिनिटे कमी होती. काठाला शेवटची होडी होती आणि तिच्यात आठ-दहा बायका बसल्या होत्या.

"काकी, बेगीन बसा," होडीवाला म्हणाला. "सुकती लागली."

सुकती म्हणजे ओहोटी. मला त्या पाण्यात काहीही फरक दिसला नाही. पत्नीने मात्र काठच्या खारफुटीच्या मुळांकडे एकदा पाहिले. मुळांवर वीतभर ओली रेघ उघडी पडली होती.

"अजून पंधरा-वीस मिनिटं आहेत," ती त्याला म्हणाली. "घाई करून पाडू नकोस मला."

होडीवाल्याने तिच्याकडे नीट पाहिले आणि बांबू रोवून होडी स्थिर धरली. मुलाने एक हात दिला, मी दुसरा. ती बसली. अर्ध्या खाडीत होडीचा तळ दोनदा गाळाला घासला. तिसऱ्यांदा घासला तो बेटाच्या काठाला.

जांभ्या दगडाच्या बावीस पायऱ्या ती थांबत थांबत चढली. देवळाच्या दारात तिची थोरली वहिनी रांग लावीत होती. नऊ वर्षांत तीही म्हातारी झाली होती. तिने हातातली काठी भिंतीला टेकवली.

"इलंस गो?"

"इलंय."

ओटी भरताना पुरुषांना आत प्रवेश नसतो. मी अंगणात पत्नीच्या चपला हातात घेऊन उभा राहिलो. मुलगा म्हणाला, "द्या, मी धरतो." मी दिल्या नाहीत.

चार वाजून दहा मिनिटांनी तिने ओटी भरली. माझ्या पहिल्या हिशेबाप्रमाणे त्या वेळी खाडीत पाणी असायला हवे होते. मी वळून पाहिले. पलीकडच्या काठापर्यंत चिखल उघडा पडला होता आणि बगळे त्यात चालत होते. आपण पूर्णपणे चुकल्याचा पुरावा डोळ्यांसमोर पसरलेला असावा आणि तो पाहून माणसाची छाती भरून यावी, हे माझ्या आयुष्यात एकदाच घडले आहे.

ती बाहेर आली. कपाळ हळदी-कुंकवाने भरले होते. पायरीवर बसलेल्या माहेरवाशिणींनी सरकून तिला जागा केली. एकीने विचारले, इतक्या लांबून, या गुडघ्यांनी, कशी पोहोचलीस.

पत्नीने पदर सारखा केला आणि महिन्यातून दोनदा विमानाने येणाऱ्या बाईच्या सुरात सांगितले, "मोपाक उतरलाव. तांच बरां पडतां."