न म्हटलेलं त्रिशरण

माझ्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्रिशरण आणि पंचशील त्यांना तोंडपाठ होतं आणि त्यात एका अक्षराची चूक झालेली त्यांना खपत नसे. ते नागपुरात कापडगिरणीत होते. मागावर आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज घरातसुद्धा मोठाच असे. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. त्यानंतर काही महिने रोज गिरणीतून आल्यावर ते आम्हा भावंडांना ओळीनं बसवत आणि विहारातून ऐकून आलेलं पाली म्हणून घेत. त्यांचं चुकलं तर मी पुस्तकात पाहून सांगावं, माझं चुकलं तर त्यांनी ऐकून सांगावं, असा रिवाज होता. सगळ्यांचं बरोबर झाल्याशिवाय ताटं मांडली जात नसत. आई म्हणायची, "भाकरी थंडी होऊन राहिली." ते म्हणायचे, "होऊ दे."

मी इंजिनियर झालो आणि कोराडीच्या वीज केंद्रात लागलो. नोकरी खुल्या जागेतून मिळाली होती, त्यामुळे माझ्या कागदांवर काही लिहिलेलं नव्हतं. आडनावही असं, की ते भिवापूरकडच्या कुणबी घरांत सापडतं आणि आमच्यातही. कॉलनीत क्वार्टर मिळालं त्या आठवड्यात शेजारच्या क्वार्टरमधला सहकारी चहाला बोलावून म्हणाला, "भिवापूरकडचे का? मग मिरचीचं शेत असेल." मी म्हणालो, "आहे थोडं."

एवढंच. पुढचं सगळं या दोन शब्दांवर उभं राहिलं. दर उन्हाळ्यात मी बाजारातून भिवापुरी मिरची आणून त्याच्या बायकोला "शेतातली" म्हणून देत असे. ती कौतुकानं देठ खुडत बसायची. आमच्या घरातली बुद्धाची मूर्ती कपाटात, कपड्यांच्या मागे असायची. वडील कॉलनीत येतो म्हणाले की मी राखेचं कारण सांगायचो: इथं दिवसभर राख उडते, तुम्हाला खोकला आहे. राख उडत होती हे खरं होतं. वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय आत आणता येत नसत. बायकोला हे सगळं आवडत नव्हतं, पण मी तिलाही या नाटकात घेतलं होतं.

तो सहकारी वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. माझी मुलगी तापानं फणफणली तेव्हा स्कूटरवरून तिला नागपुरात, सदर भागातल्या डॉक्टरांकडे नेणारा तोच होता. पण गप्पांत तो "त्यांचे लोक" असं म्हणायचा. कोणाची बढती झाली की, "लागला असेल त्यांचा वशिला." मी हसायचो. नुसता ऐकून घेत नव्हतो, हसायचो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्हा दोघांना एका नव्या यंत्रासाठी जपानला पाठवलं, सहा आठवडे, ओसाकाजवळच्या कारखान्यात. निघताना वडील स्टेशनवर आले. गाडी सुटायला वेळ होता. सहकारी पुस्तकांच्या दुकानावर गेला होता, म्हणून मी त्यांच्याशी नीट बोलू शकलो.

"तिथं साराच देश आपल्या धम्माचा हाये म्हंतेत," ते म्हणाले. "इथं आपल्याले सांगा लागते आपण कोण ते. तिथं तुले काहीच सांगा लागणार नाही. भगवंतापुढं उभा राहजो आन आपलं त्रिशरण म्हणजो. मोठ्यानं. मले काही दुसरं नको."

मी हो म्हणालो.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी कारखान्याच्या शिक्षण विभागातले एक गृहस्थ आम्हाला नारा शहर दाखवायला घेऊन गेले. निवृत्तीला आलेले, अडखळत इंग्रजी बोलणारे, प्रत्येक वाक्याआधी क्षणभर डोळे मिटणारे. बुद्धाच्या देशातून आलेल्या पाहुण्यांना तिथली देवळं दाखवायची, हे त्यांनीच ठरवलं होतं. आगगाडीत सहकाऱ्याने डबा उघडला. तो शाकाहारी होता आणि भात व लिंबाच्या लोणच्यावर दिवस काढत होता. त्यातलं अर्धं लोणचं रोज मला देत होता. मला तिथले मासे चालले असते. पण मीही त्याच्यासारखाच शाकाहारी होऊन बसलो होतो.

पहिल्या मोठ्या देवळाबाहेर दगडी टाकं होतं आणि त्यावर लांब दांड्याची बांबूची ओगराळी ठेवलेली होती. हात धुवून, चूळ भरून आत जायचं. सहकाऱ्याने ओगराळं उचललं आणि पाणी घेतलं. मी त्याच्या समोर गेलो, थोडा वाकलो आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. तसा उभाच राहिलो.

"काय बे, नवरदेव आहेस काय?" तो हसला आणि त्याने माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. "दहा ओगराळी पडली आहेत, घे की एक."

त्याला त्यात काही दिसलं नाही. मला दिसलं. आईच्या गावी, भिवापूरच्या पलीकडे, लहानपणी आम्हाला पाणी असंच मिळायचं. विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि कोणी वरून ओतेल याची वाट बघायची. त्याला पंचवीस वर्षं झाली होती. मी पदवीधर होतो, टाय लावलेला होता, परदेशात होतो, आणि माझे हात आपोआप पुढे झाले होते. आजूबाजूला म्हाताऱ्या बाया, शाळेतली पोरं, सैल कोटातले पुरुष तीच ओगराळी एकमेकांच्या हातात देत होते.

आत बुद्धाची प्रचंड मूर्ती होती. तिच्या उघड्या तळहातावर आमची वस्तीतली खोली मावली असती. उदबत्त्यांचा धूर लोक हातांनी ओढून अंगावर घेत होते. मी मूर्तीपुढे उभा राहिलो, हात जोडले. सहकारी बाजूलाच कॅमेऱ्याचं झाकण काढत होता. मनातल्या मनात म्हणावं असं वाटलं, पण वडील "मोठ्यानं" म्हणाले होते. इथे गर्दी आहे, पुढे कुठेतरी म्हणू, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढे हरणांचं उद्यान लागलं. हरणं मोकळी फिरत होती आणि बिस्किटासाठी चक्क मान लववून नमस्कार करत होती. आमच्या यजमानांनी विचारलं, भगवंतांनी पहिला उपदेश हरणांच्या वनातच केला ना? सहकारी म्हणाला, "हो, असं शाळेत शिकलोय." एका हरणानं त्याच्या खिशातून डोकावणारा रेल्वेचा नकाशा ओढला आणि अर्धा खाल्ला. आम्ही तिघंही खूप हसलो. मग बाकावर बसून तो मराठीत म्हणाला, "बघ, इथं बुद्ध म्हणजे किती शांत, किती स्वच्छ. अन् आपल्याकडं कोणाच्या हाती लागला."

मेपलची पानं लाल झाली होती. माणसं ती पानं बघायलाच आली होती आणि हळू आवाजात बोलत होती. मी त्या वाक्यावरही हसलो. सवय होती.

दुपारी यजमान आम्हाला त्यांच्या घराण्याच्या देवळात घेऊन गेले. शहराच्या कडेला, भाताच्या शेतांना लागून असलेलं छोटं देऊळ. त्यांच्या आईवडिलांची थडगी मागच्या अंगणात होती. तिथले भिक्षू ऐंशीच्या पुढचे असावेत. त्यांनी स्वतः चहा करून आमच्यापुढे ठेवला आणि आमचा पिऊन होईपर्यंत वाट पाहिली. मग यजमानांना काहीतरी विचारलं.

यजमानांनी डोळे मिटले, वाक्य जुळवलं. "ते विचारतात, तुमच्यापैकी कोणी बौद्ध आहे का?"

सहकारी म्हणाला, "नाही, नाही. आम्ही दोघंही हिंदू."

"दोघंही?" यजमानांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली.

म्हातारे पुन्हा बोलले, बराच वेळ. यजमान सांगू लागले. लहान वयापासून हे बुद्धाला शरण जाण्याचे शब्द म्हणत आले आहेत. पण ते शब्द चीनमधून आलेले, जपानी उच्चारानं म्हटलेले. बुद्धाच्या देशातल्या माणसाच्या तोंडून, तिकडच्या भाषेत, त्यांनी ते कधी ऐकले नाहीत. तुम्ही बौद्ध नसाल, पण तुमच्या देशातली जुनी प्रार्थना म्हणून कदाचित येत असेल. आता त्यांचं वय झालं आहे. एकदा ऐकायला मिळालं तर बरं वाटेल.

मला ते येत होतं. अक्षराची चूक न करता येत होतं. गिरणीतल्या एका अडाणी माणसानं ते माझ्याकडून घोटून घेतलं होतं आणि त्याच माणसानं मला इथे ते म्हणायला सांगितलं होतं. समोर एक माणूस साठ-सत्तर वर्षं थांबल्यासारखा बसला होता. "नमो तस्स" एवढं तोंड उघडून म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. पण बाजूला शेजारच्या क्वार्टरमधला माणूस बसला होता. मला त्या क्षणी बुद्ध दिसला नाही, वडीलही दिसले नाहीत. मिरचीचे देठ खुडणारी त्याची बायको दिसली.

"मला असलं काही येत नाही," मी म्हणालो.

सहकाऱ्याला म्हाताऱ्यांची दया आली. "थांब, काहीतरी म्हणून दाखवतो बिचाऱ्याला," असं मला म्हणून त्याने मांडी घातली आणि लहानपणी पाठ केलेलं विष्णूचं एक संस्कृत स्तोत्र खणखणीत आवाजात म्हटलं. भिक्षूंनी हात जोडून, मान खाली घालून ते सगळं ऐकलं. संपल्यावर कपाळ जमिनीला टेकेल इतकं वाकून त्यांनी त्याला नमस्कार केला. मग स्वतःचं म्हटलं. भाषा कळत नव्हती, पण तीन वेळा तेच वळण आलं आणि मला समजलं हे काय आहे ते. माझे ओठ हलायला लागले. मी ते दातांत धरले.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी वस्तीतल्या घरी गेलो. वडील वाटच पाहत होते.

"म्हटलं काय गा?"

"म्हटलं."

"आवाज काढून?"

"हो. तिन्ही वेळा."

"आन मंग तिथले भंते काय म्हणाले?"

इथे मी थांबू शकलो असतो. "काही नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "त्यांनी जमिनीला डोकं टेकवून मला नमस्कार केला." वडील उठून बाहेर गेले आणि शेजारच्यांना बोलावून आणलं. मग मला पुन्हा सगळं सांगावं लागलं. बुद्धपौर्णिमेला विहारात उभं करून सांगायला लावलं. दर वेळी काही ना काही वाढत गेलं. भाताची शेतं खरी होती, चहा खरा होता, म्हणून बाकीचंही खरं वाटत होतं. एका आजीनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

चार वर्षांनी वडील गेले. रजेसाठी मी ऑफिसात फक्त निरोप पाठवला होता, पत्ता दिला नव्हता. सहकाऱ्यानं तो शोधला. वस्तीत स्कूटर लावून, विचारत विचारत तो आमच्या दारात आला तेव्हा आम्ही निघायच्या तयारीत होतो. ओसरीवर दोन तसबिरी होत्या, निळं निशाण होतं. त्याने ते पाहिलं, मला पाहिलं, आणि तिरडीला खांदा दिला.

घाटावर त्रिशरण थोरल्या मुलानं म्हणायचं. मी म्हटलं. मोठ्यानं, तिन्ही वेळा. तो लोकांत हात बांधून उभा होता.

परतताना वडिलांचे गिरणीतले एक सोबती त्याच्याजवळ गेले. "तुम्ही याच्या संग जपानात होते न साहेब? यानं तिथं म्हटलं होतं. भंतेनं डोकं टेकवलं होतं याच्यापुढं. बुढा मरेपर्यंत सांगत होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ज्याच्यापुढे डोकं टेकवलं गेलं होतं तो हाच माणूस होता.

"हो," तो म्हणाला. "मी होतो तिथं."

मी कामावर परतल्यावर कँटीनमध्ये त्याच्या समोर बसलो. "त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोललास," मी म्हणालो.

"तुझ्यासाठी नाही. तुझ्या वडिलांसाठी." तो चहा ढवळत राहिला. "इतकी वर्षं शेजारी राहिलास. मी काय काय बोललो तुझ्यासमोर, तू हसत बसलास. एकदा तरी गचांडी धरायची होतीस माझी. आता मला एकेक वाक्य आठवून राहिलं आहे. अन् त्या भिक्षूला तू नाही म्हणालास. ते तरी म्हणायचं होतंस."

त्याचं बरोबर होतं. पण माझ्या तोंडाशी एक प्रश्न आला होता: मी म्हटलं असतं, तर गाडीत तुझ्या डब्यातलं अर्धं लोणचं मला मिळालं असतं का? कदाचित मिळालं असतं. मला आजही माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. तेही गिळलं आणि चहा संपवून प्लांटवर गेलो.

त्यानंतर आमच्यात भांडण झालं नाही. भेटलो की तो राखेबद्दल, बदल्यांबद्दल बोलतो. मिरची मी नेऊन दिली नाही, त्याच्या बायकोनं मागितली नाही. मी कपाटातली मूर्ती बाहेर काढून बैठकीत ठेवली, पण ती कोणासाठी ठेवली हे मला नीट सांगता येणार नाही. वडील असताना ती तिथे असायला हवी होती.

आता दर रविवारी मी वस्तीतल्या विहारात जातो. वंदना मलाच घ्यायला सांगतात, कारण जपानात म्हटलेला माणूस मीच. एकदाही मी त्यांना खरं सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं त्यांच्यातल्या कोणी वाचलं, तर पुढच्या रविवारी मला पुढे बसवतील की नाही, ते त्यांनी ठरवावं. माझा आवाज चांगला लागतो, असं सगळे म्हणतात. लागतोच तो चांगला.