एका कोयत्याला एक पासवर्ड

ते प्रकरण अजूनही मनातून जात नाही. आठवलं की आधी ऊसतोडीचा तळ दिसतो. पाचटावर पडलेलं कोवळं ऊन, खोपींवर तरंगणारा चुलींचा धूर, आणि त्या धुरात मोबाईलकडे बघत बसलेल्या बायका. जणू पाण्यात गाव दिसावं तशा बघायच्या.

मी तेव्हा सहायक फौजदार होते. पाथर्डीकडून काष्टीच्या बाजूला आलेल्या टोळ्यांसाठी एका संस्थेने मोबाईलवर निरोपांचे फलक सुरू केले होते. एक सर्व्हर गावाकडे, दुसरा तळाजवळच्या मोबाईल दुकानात. इकडे लिहिलेला निरोप तिकडच्या फलकावर उमटायचा, तिकडचा इकडे. म्हातारीचा खोकला, शेळी व्याली, सगळं. त्यात एक फलक फक्त बायकांचा. तो पासवर्डशिवाय उघडत नसे. आपल्या बाजूला पासवर्ड कुणाला द्यायचा, हे तिथला चालक ठरवायचा.

एका सकाळी गावाकडच्या एका बाईचा ठाण्यात फोन आला. तळावरच्या एका आईने बायकांच्या फलकावर लिहिलं होतं, ‘माझी पोर पंधराची. दिराने लग्न ठरवलंय. तिला मावशीकडं लपवा.’ पोर गावाकडेच होती; तिथल्या बायकांनी लपवली. पण दुसऱ्याच दिवशी दीर जीप घेऊन थेट मावशीच्या दारात आला आणि पोरीला घेऊन गेला. कुठे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे निरोप फुटला होता. कुणी फोडला ते कळलं, तर पोरीचा पत्ता लागणार होता. स्टेशन डायरीला नोंद करून मी एका महिला शिपायाला घेऊन निघाले. पहिला संशय तळाजवळचा सर्व्हर चालवणाऱ्या दुकानदारावर.

“म्याडम, लेकरांची शपथ, मी तो फलक उघडत न्हाई. घरी एकीचं ऐकूनच कान किटल्यात, आनि सगळ्या टोळीचं कुठं वाचू?”

शिपाई हसली. मी गप्प बसले. मला फार बोलता येत नाही. पण चौकशीत आपण गप्प बसलो की समोरच्याला शांतता सोसत नाही.

“जेवढे कोयते तेवढेच पासवर्ड दिले,” तो म्हणाला. “एक जास्त न्हाई.”

“कोयत्याप्रमाणे?”

“व्हय. नवराबायको मिळून एक कोयता. उचल एक, हिशेब एक. मग पासवर्ड बी एकच की.”

“दिला कुणाच्या हातात?”

“ज्याच्या त्याच्या घरच्या कारभाऱ्याच्या. बायका दुकानात कुठं येत्यात?”

बाहेरून उसाची बैलगाडी घुंगरं वाजवत गेली. म्हणजे बायकांच्या फलकाची किल्ली नवऱ्यांच्याच हातात होती. फलक कुणी फोडलाच नव्हता.

पोरीचा बाप फडात मोळ्या बांधत होता. आई शेजारीच होती.

“दादा, बायकोने लिहिलेलं तुम्ही वाचलंत?”

“वाचलं. माझ्याच मोबाईलवर हुतं.” तो खाली बघत म्हणाला, “भावानं पाव्हन्यांना शब्द दिल्ता. मी त्याला सांगितलं.”

आई ओरडली नाही. “एका खोपीत निजतो आपन,” एवढंच म्हणाली. “मला एका शब्दानं इचारलं न्हाई तुमी.”

तो मोळीवर बसला. मग त्याने भावाच्या सासुरवाडीच्या वस्तीचं नाव सांगितलं.

मी कंट्रोल रूमला कळवलं. तिथलं पथक ग्रामसेवकाला घेऊन पोहोचलं तेव्हा हळद लागली होती, अक्षता पडायच्या होत्या. पोरीला बालकल्याण समितीसमोर हजर केलं. दीर, नवरदेवाकडचे आणि बाप, सगळ्यांवर गुन्हा नोंदवला.

नंतर ती आई दुकानात आली. दुकानदार म्हणाला, “वहिनी, आता तुमचा येगळा पासवर्ड. नाव सांगा.” तिने सवयीने नवऱ्याचं नाव सांगितलं, मग मान हलवली आणि स्वतःचं सांगितलं.

कुलूप कितीही पक्कं असो, आधी माणसं नीट मोजावी लागतात, हे मला या प्रकरणाने शिकवलं. दोघांना एक धरलं की त्यातलं एक दिसेनासं होतं. पुढे कुठल्याही घरी जबाब घेताना मी बाईला वेगळं बसवून नाव विचारायचे. पुष्कळ जणी आधी नवरा बसलेल्या खोलीकडे बघायच्या. मी पेन टेकवून थांबायचे.