सुरू, बंद, पूर्ण

आमच्या मामांच्या लेखी जे काम नोंदलं गेलं नाही ते झालेलंच नसे, मग ते पोटभर जेवण का असेना. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते. पेन्शन घेऊन कऱ्हाडजवळच्या गावी ऊस करायला आले, तेव्हा इतरांसारखी नुसती ट्रंक न आणता त्यांनी शिस्त आणली, आणि तिच्या जोडीला भंगारातून घेतलेले हँडलचे दोन फोन. एक घरच्या सोप्यात बसवला, दुसरा उसापलीकडच्या मोटरीच्या खोलीत. मधे बांबूंवरून तार.

हा फोन गप्पांसाठी नव्हता. शेतातल्या माणसानं हँडल फिरवायचं, कामाचं नाव सांगायचं आणि पुढे तीनपैकी एक शब्द उच्चारायचा: सुरू, बंद किंवा पूर्ण. मामा घड्याळ बघून वहीत एक ओळ लिहीत. वेगळं काही कानावर आलं की करड्या आवाजात उत्तर येई, "असा शब्द नाही. पुन्हा बोला." एकदा शिवा नावाचा त्यांचा गडी घाबराघुबरा होऊन ओरडला, "मामा, उसात म्हशी शिरल्यात वो!" मामा म्हणाले, "असा शब्द नाही." शिवानं क्षणभर डोकं खाजवलं आणि रिपोर्ट दिला, "म्हशी सुरू." मामांनी समाधानानं ओळ लिहिली. बऱ्याच वेळानं "म्हशी पूर्ण" अशीही नोंद झाली. ऊस गेला, पण वही चोख राहिली. शेतकी खात्याचे एक साहेब तर ती वही पाहून इतके खूश झाले की रान बघायचं विसरूनच परत गेले. मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

या कारभारात खरी होरपळ आत्याची. तिला एक गोष्ट सांगायला दहा गोष्टी लागत. आमच्याकडे सांगलीला आली की ती माझ्या वडिलांना म्हणे, "दादा, लगीन झाल्यापासनं ह्या माणसानं माझं एक बोलणं शेवटपातूर ऐकलं न्हाई बघ." मामा शेजारीच बसलेले असत. ते म्हणत, "मुद्द्याचं बोलावं."

आणि मग एका सकाळी, शिवा रजेवर असताना, मोटर बंद करायला गेलेली आत्या खोलीच्या ओल्या पायरीवरून घसरली. सरपटत फोनपर्यंत पोचली. "आवं, मी पडले. पाय मोडला जणू."

"असा शब्द नाही. पुन्हा बोला."

आत्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. तिकडून तेच उत्तर. शेवटी संतापानं ती किंचाळली, "मी बंद!"

मामांनी घड्याळ पाहिलं. ओळ लिहिली. आपण काय लिहिलं ते वाचलं, आणि अनवाणी धावत सुटले.

मिरजेच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून पडलेल्या आत्यानं हे सगळं मला तिच्या पद्धतीनं, म्हणजे अगदी लग्नापासून सुरुवात करून सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी आता तुमच्यासंगं सांगलीला येणार. त्या घरात पाऊल टाकायची न्हाई." ती नुसती धमकी नव्हती. मामा दाराशी उभे होते. एवढा ताठ माणूस, पण चेहरा पार उतरला होता. म्हणाले, "आणखी एक शब्द वाढवतो. कोणता, ते तू सांग."

आत्यानं आधी प्लास्टरखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, "या."

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो, तेव्हा आत्या परत आली होती आणि काठी टेकत मोटरीपर्यंत जात होती. मी सोप्यात असतानाच फोन खणाणला. "आवं, या." मामांनी ओळ अर्धीच टाकली आणि वहाणा शोधू लागले.

"मामा, काय झालं ते तरी विचारा की!"

"इचारण्यात येळ जातो रं," म्हणत ते उसात दिसेनासेही झाले.

झालं काहीच नव्हतं. परतताना दोघं रमतगमत आली. आत्या हातवारे करत काहीतरी लांबलचक सांगत होती आणि मामा तिच्या लंगड्या चालीशी पाऊल जुळवत "व्हय, व्हय" म्हणत होते. आता दोघंही नाहीत. ती एवढं काय सांगत होती, हे विचारायचं मात्र माझं राहूनच गेलं.