भोंग्याने वॉर्डात काढलेला लिलाव

भाजीबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. लिलाव पुकारायला उभा राहिला की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. भोंग्याने नासके बटाटेही हातोहात खपवले. त्याची एक रीत होती. पोत्याच्या तळाला माल सडका असला की विनोद दुप्पट. हसणारा माणूस पोत्यात हात घालत नाही.

ही रीत एकट्या बायकोला ठाऊक, कारण पोती तीच भरायची.

तर भोंग्याच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढलं तरच जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी समुपदेशक मॅडम वॉर्डात आल्या. मनात काय चाललंय ते आत्ताच बोलून घ्या, नंतर जड जातं, म्हणाल्या. भोंगा उशीला टेकून बसला आणि त्याने त्यांच्याच खुर्चीचा लिलाव काढला. मग सलाइनच्या स्टँडचा, मग शेजारच्या म्हाताऱ्याच्या कवळीचा. बसक्या आवाजातही अख्खा वॉर्ड हसवला. मॅडमसुद्धा हसल्या. असा धीराचा पेशंट विरळा, म्हणत पुढच्या खाटेकडे वळल्या.

खाटेच्या पायथ्याशी उभ्या बायकोने ओळखलं, आज विनोद दुप्पट आहेत. पण बोली चालू असताना घरच्या माणसाने तोंड उघडायचं नाही, ही बाजाराची शिस्त तिच्या अंगात मुरलेली. तीही सगळ्यांबरोबर हसली.

मग जिन्यापर्यंत धावली, तोवर मॅडम गेल्या होत्या. नर्स म्हणाली, मावशी, त्या आता पुढच्या आठवड्यात. तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते आपणच विचारावं म्हणून ती खाटेवर टेकली, त्याचा हात हातात घेतला, विचारायला तोंड उघडलं. तोच तो म्हणाला, "गिऱ्हाईक हसत गेलं ना गं? मग झालं तर."

सकाळी त्याला नेलं.

मॅडम पुन्हा आल्या तेव्हा भोंगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. गळ्याला भोक, भोकात नळी. लिहायला दिलेली पाटी त्याने पालथी घातली होती. मॅडम बायकोजवळ बसल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "ऑपरेशनआधी त्यांना कशाची भीती वाटत होती? तुमच्याशी बोलले असतील ना?"

बाजारभावापासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत त्याचं सगळं बोलणं तिला तोंडपाठ होतं. एवढं एक विचारायचं राहून गेलं होतं.

खाट करकरली. भोंगा कुशीवर वळला होता आणि ती काय सांगते म्हणून तिच्या तोंडाकडे बघत होता.