चार नंबरचा नट

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळचे साडेनऊ. धायरी, मेन रोडपासून दोन गल्ल्या आत, फायबरच्या टाक्या बनवणारी पत्र्याची शेड.

हजर: मी (सुनंदा, वय बावन्न), माझा नवरा विलास, शेडचा मालक सलीम.
गैरहजर: सलीमचे वडील उस्मानभाई. दोन वर्षांपूर्वी वारले.

वारलेल्या माणसाची गैरहजेरी कशाला मांडली, ते पुढे येईलच.

मी या सदरातले भुताखेतांचे अनुभव नेमाने वाचते आणि नेमाने हसते. ज्याला कुलूप नीट लावता येत नाही त्याच्याच घरात दारं आपोआप उघडतात, असं माझं मत होतं. मी याद्या करणारी बाई आहे. गॅस, दूध, विमा, प्रवास... सगळ्याची यादी, आणि झालेल्या कामापुढे खूण. तेव्हा खालचं सगळं वहीतून बघून लिहिते आहे, आठवून नाही. आणि लिहिताना अजूनही राग येतो आहे, तो लपवणार नाही.

आमच्याकडे बावीस फुटी फायबरची शिडाची बोट आहे. विलासने अठरा वर्षांपूर्वी जुनीच घेतली. वर्षातून दहा-बारा रविवार ती खडकवासल्याच्या पाण्यात असते, बाकी वेळ सलीमच्या शेडमध्ये. अशा बोटीच्या पोटाखाली लोखंडाची जड पाती असते, तिला कील म्हणतात. वाऱ्याने बोट कलली की हीच तिला पुन्हा सरळ करते. आमची कील नऊ बोल्टांवर लटकलेली आहे. बोल्ट कीलमधून वर केबिनच्या तळात येतात, तिथे वरून नट आवळायचे. भर वाऱ्यात कील निसटली तर बोट क्षणात उलटते. एवढं कळलं तरी पुरे.

रविवारी माझी मुलगी ईशा दोन मैत्रिणींना घेऊन बोटीवर जाणार होती. विलास घाटापर्यंत सोडणार आणि काठावर बसून सगळ्यांना फोटो पाठवणार. त्याने आठवडाभर आधीच ओळखीपाळखीत सांगून ठेवलं होतं.

माझ्या यादीत एक ओळ होती – ‘कीलचे नट १ ते ९ घट्ट आहेत का बघणे.’

मंगळवारी संध्याकाळी सलीमने नऊही नट आवळले. प्रत्येक नटापासून खालच्या वॉशरपर्यंत मी माझ्या लाल नेलपॉलिशने एक सरळ रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. ही युक्ती उस्मानभाईंची. फक्त ते पिवळा रंग वापरायचे. फोटो काढला, यादीत खूण केली.

बुधवारी सकाळी गाद्या ठेवायला गेले, तर चार नंबरची रेघ तुटलेली. नट पाव फेरा उलटा फिरलेला. बाकीचे आठ जागच्या जागी.

“उन्हानं झालं असेल वहिनी,” सलीम म्हणाला. “पत्रा तापतो.”

“पत्रा फक्त चार नंबरला तापतो का?”

त्याने पाना उचलला. नट पुन्हा आवळला. मी पुन्हा रेघ ओढली, फोटो काढला. गुरुवारी सकाळी पुन्हा तेच. तोच नट, तेवढाच पाव फेरा.

मग भांडण झालं. विलासचं म्हणणं, सलीमच काम लांबवतोय. सलीमचं म्हणणं, साहेबच हात लावून गेले असतील. मी दोघांना म्हटलं, “तुम्ही दोघं मोठे कधी होणार ते सांगा, म्हणजे मी त्या दिवशी येते.”

गुरुवारी संध्याकाळी मी माझ्या पद्धतीने बंदोबस्त केला. नट माझ्यासमोर आवळून घेतला. एवढ्या मोठ्या नटाला बसणारा एकच पाना त्या शेडमध्ये होता, उस्मानभाईंचा, लांब दांड्याचा. तो पिशवीत घालून घरी आणला आणि ओट्याखाली पिठाच्या डब्यामागे ठेवला. केबिनच्या दाराला माझं कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. दाराच्या फटीवर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर माझी सही. तुम्ही म्हणाल, दुसरा पाना आणला असेल कुणी. आणला असेल. पण चिकटपट्टीवरची सही कुणी केली असती?

शनिवारी सकाळी साडेनऊला आम्ही तिघं बोटीवर चढलो. पट्टी शाबूत, सही माझीच. कुलूप मी उघडलं. केबिनच्या तळाची फळी विलासने उचलली आणि तशीच हातात धरून उभा राहिला.

चार नंबर. पाव फेरा.

मला भीती वाटली असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मला संताप आला. तीन वेळा केलेलं काम कुणीतरी तीन वेळा मोडलं होतं, आणि जाब विचारायला समोर कोणीच नव्हतं. मी वळून सलीमकडे पाहिलं, तर तो घामाघूम. शेडमध्ये पंखा चालू होता.

“काय माहीत आहे तुला?”

“काही नाही वहिनी.”

“सलीम. उद्या माझी मुलगी बसणार आहे यात.”

तो फळीच्या कडेवर बसला. “अब्बांची पद्धत होती,” तो म्हणाला. “एखादं काम मनाला पटलं नाही, पण गिऱ्हाइकाला घाई आहे... तर अब्बा तो नट पाव फेरा ढिला सोडायचे. मुद्दाम. म्हणजे दुसरा कारागीर आला तरी त्याला कळावं, हे काम झालेलं नाही. असा नट असला की माल शेडबाहेर जायचा नाही. मग गिऱ्हाईक कुणी का असेना.”

“आणि चार नंबर?”

तो विलासकडे बघायला लागला. विलास पायाखाली बघायला लागला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात एवढं पुरतं.

“तीन वर्षांपूर्वी उस्मानभाई म्हणाले होते, चार नंबर बाहेर काढून बघायला पाहिजे,” विलास म्हणाला. “मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. अगं, सीझन निघून गेला असता.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी ते आजारी होते.”

म्हणजे दोघांना माहीत होतं. तीन सीझन ईशा त्या बोटीवर बसली आणि या दोघांना माहीत होतं. मी काय काय बोलले ते वहीत नाही, इथेही लिहीत नाही. शेजारच्या वर्कशॉपमधली मशीन बंद झाली, एवढं आठवतं. त्याच तिरीमिरीत ईशाला फोन करून उद्याचा बेत रद्द केला. ती म्हणाली, “आई, तू ओरडतेयस.” म्हटलं, हो.

पाना मी आणलाच होता. सलीमने नट पूर्ण काढला आणि बोट टेकूंवर असल्यामुळे खालून ठोकून बोल्ट बाहेर घेतला. दोन तास लागले. वरचं टोक चकचकीत, खालचं टोक चकचकीत, आणि मधे, जिथे फायबर आणि लोखंड एकमेकांना भेटतात, तिथे पाणी झिरपून झिरपून तो पेन्सिलीएवढा उरला होता. सलीमने दोन्ही हातांनी वाकवला आणि तो मोडला.

आता माझा स्वतःवरचा राग. माझ्या यादीतला प्रश्न चुकीचा होता. ‘घट्ट आहे का’ असं मी विचारत होते, आणि सडलेला बोल्टही घट्ट असतो. ‘काढून पाहिला का’ असं विचारायला हवं होतं. अठरा वर्षं त्या ओळीपुढे मी व्यवस्थित खूण करत आले.

नट कसा फिरला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. उभ्या बोटीत नट हादऱ्याने सुटत नाही. बोल्ट ताणला गेला तरी नट फिरत नाही, हे मी दोन इंजिनिअरांना विचारलं. फोटो दाखवल्यावर एक म्हणाला, “मॅडम, कुणीतरी खोडी काढली.” दुसरा म्हणाला, “इंटरेस्टिंग.” चिकटपट्टी मी जपून ठेवली आहे. उस्मानभाईंवरही माझा राग आहे, कारण त्यांनी मला कधी सरळ सांगितलं नाही. घरातली यादी कोण करतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत दोन ते नऊ सगळे बोल्ट काढून बदलले. सहा नंबरही निम्मा खाल्लेला निघाला. त्याचा नट मात्र कधीच हलला नव्हता. नव्या नटांवरच्या रेघा आजपर्यंत सरळ आहेत.

एक नंबर राहिला. तो डोलकाठीच्या बुंध्याखाली आहे. काढायचा तर डोलकाठी उतरवावी लागेल, त्याखालचा लाकडी आधार कापावा लागेल, पुन्हा बसवावा लागेल. सलीम म्हणतो, तीन-चार दिवस. विलासला ते नको आहे. भुताखेतांच्या गप्पांना जन्मभर नाक मुरडणारा हा माणूस परवा चहा ओतता ओतता मला म्हणाला, “हे बघ, एक नंबर उस्मानभाईंनी ढिला केलाय का? नाही ना? मग चांगला असणार.”

“आणि सहा नंबर?” मी विचारलं.

“त्यांच्या नजरेतून सुटला असेल.”

मी कप तसाच ठेवून उठले. जिवंत होते तेव्हा या माणसाने त्यांचं ऐकलं नाही, आणि आता काम टाळायला त्यांच्या गप्प बसण्याचा आधार घेतोय. बोट शेडमध्येच आहे. केबिनला माझं कुलूप आहे, पाना अजून पिठाच्या डब्यामागे आहे. परवाच जाऊन बघून आले, एक नंबरची रेघ सरळ आहे. मला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

वहीतली शेवटची ओळ, आजच्या तारखेपर्यंत:

बोल्ट क्र. १ – बाहेर काढून बघणे. बाकी.