नूरीला सगळं माफ

काल शेजारणीच्या नातवाचा बिस्मिल्ला, म्हणजे शिक्षणाच्या सुरुवातीचा विधी, झाला. गुलाबाच्या अत्तराचा वास आला आणि मला कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतला मदरसा आठवला. माझ्या धाकट्या बहिणीला, नूरीला, सगळं उशिरा समजायचं. नवी ओढणी घेऊन, अरबी मुळाक्षरांचं पुस्तक छातीशी धरून ती मदरशाच्या दारात उभी होती. उस्ताद हसून अम्मीला म्हणाले, "हिला नमाज, रोजा, सगळं माफ हाय. घरी न्या."

अम्मी कडाडली, "माफ हाय म्हंजे मनाई हाय व्हय?"

दार लागलं. तेव्हा मला उस्ताद दयाळू वाटले होते. आता नुसता संताप येतो. अल्लानं अशा लेकरांवरची सक्ती उठवली होती. यांनी अक्षरंच काढून घेतली.

नूरीचे केस पिकलेत. अजूनही पोरं मदरशाला निघाली की ती ओढणी सावरते आणि मला विचारते, "आज मला घेत्यात का गं?"